कोंबडीचा वाटा

उंबरपाड्यात कुणाची भाकरी करपली, कुणाच्या हातून हंडा विहिरीत गेला, कुणा नव्या सुनेनं आंबिलीत दोनदा मीठ टाकलं, की ती बाई आधी गुणाबाईच्या ओटीवर यायची. बोलणी खायला नव्हे. बोलणी घालणारी तोंडं ज्याच्या त्याच्या घरी मुबलक होती. गुणाबाई पान जुळवता जुळवता सगळं ऐकून घ्यायची, तांब्या पुढे करायची नि म्हणायची, "व्हतं, बाय. माणूस हायेस, देव नायस. पानी पी, नि दुसरी थाप."

एवढंच तिचं औषध. तांब्याभर पाणी आणि चार शब्द. तेवढ्यावर रडत आलेली बाई पदर झटकून घरी जायची. धसईच्या बाजारात वैदू मुळ्यांची अख्खी झोळी मांडून बसायचा, त्याच्या हातालाही एवढा गुण नसे.

मेख इतकीच, की हे औषध गुणाबाई गावाला फुकट वाटायची आणि स्वतः त्यातला घोटभरही घ्यायची नाही. तिच्या हातची भाकरी करपली तर ती करपलेली भाकरी तीच खाणार, तीही कोरडी, आणि वर दिवसभर तोंड पाडून बसणार. नवरा देवजी गरीब स्वभावाचा. तो म्हणायचा, "आगं, करपली तं करपली."

"तुमाला काय कळतं त्यातलं?" गुणाबाई फटकारायची.

देवजी पुन्हा दोर वळायला लागायचा. त्याला कळत नाही असं सगळ्या गावानं मान्य करून टाकलं होतं, आणि देवजीनंही फारशी तक्रार केली नव्हती.

गुणाबाई धवलारीण होती. त्या भागात लग्नाला भटजी उशिरा आला तर चालतं, नवऱ्यामुलाचा मामा रुसला तर त्याहून चालतं, पण धवलारीण नसेल तर मांडव म्हणजे नुसत्या चार मेढी. ती धवळे गाते, एकेका देवाला नावानं हाक मारून मांडवात बोलावते, मगच डोक्यावर अक्षता पडतात. गुणाबाईला हे सासूनं शिकवलं होतं. अक्षर तिला येत नव्हतं. तिची पोथी म्हणजे एक सूप. सुपात ती तांदळाच्या अकरा लहान लहान राशी मांडायची, एकेका देवाची एक. गाताना एक रास उचलायची, त्या देवाला हाक घालायची आणि तांदूळ नवरीच्या ओटीत सोडायची. हात पुढच्या राशीवर गेला, की जीभ आपोआप पुढच्या नावावर जायची. वीस वर्षं हात आणि जीभ बैलजोडीसारखी चालली. कधी जू मोडलं नाही.

मोडलं ते सन छत्तीसच्या वैशाखात. कोंडूबाबाची थोरली नात सावळी हिचं लग्न होतं. नवरामुलगा कुंडलिक आटगावचा, कसाऱ्याला रेल्वेच्या रुळांवर कामाला. रेल्वेचा जावई म्हणून कोंडूबाबा महिनाभर असा ताठ चालत होता, की पाठीत रूळच घातलाय जणू. गुणाबाईनं अंगणात सूप मांडलं, हातपाय धुवायला विहिरीवर गेली, परत आली आणि गायला बसली.

"पयली रास कुनाला गो, पयली रास गनपतीला,
ये रे देवा मांडवाला, पोर आमची उभी र्‍हायली…"

गणपती आला. गावदेवी आली. म्हसोबा आला, धरतरीमाय आली. पाचव्या राशीवर हात गेला आणि सुपाच्या वेतालाच लागला. तिथं रासच नव्हती. रिकाम्या जागेवर हात पडला आणि जीभ तिथंच खिळली. कोण होता पाचवा? गुणाबाईनं डोळे मिटले. आत अंधार. सहावा कोण? तोही अंधारात. मांडवात दोनशे माणसं, पण सुई पडली तर ऐकू यावं. सावळीची आई पदर तोंडात घालून रडायला लागली. शेवटी कोंडूबाबा ओरडला, "टाका रे अक्षता, मुहूर्त चाललाय!" आणि लग्न तसंच उरकलं. चार देव मांडवात, सात देव वेशीबाहेर.

पाचवा देव वाघोबा होता हे गुणाबाईला जेवणावळी उठल्यावर, भांडी घासताना आठवलं. आठवलं तशी ती राखेचा हात तोंडावर घेऊन मटकन खाली बसली. रानाला लागून असलेलं गाव. तिथं वाघोबाला लग्नाला बोलवायचं विसरणं म्हणजे मामलेदाराला बोलवायचं विसरण्यासारखं. किंबहुना मामलेदार परवडला.

आषाढात बिबट्यानं धाऊची शेळी नेली. तसा तो दरसाल एखादी नेतच असे, त्याला कुणाच्या लग्नाचं निमित्त लागत नसे. पण त्या सालची शेळी गुणाबाईच्या नावावर पडली. कुंडलिकचं बोट रुळाखाली चेंगरलं, तेही तिच्या नावावर. सावळीची कूस तीन वर्षं उजवली नाही, तेही. लोक चार दिवस बोलले आणि विसरले. गावाला एकाच विषयावर फार दिवस बोलणं परवडत नाही, नवे विषय येतच असतात. पण गुणाबाई विसरली नाही. सुपात रास मांडायला आपणच चुकलो, आपल्या हाताला माज आला होता, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

तिनं गाणं सोडलं. सूप माळ्यावर उपडं टाकलं. पान सोडलं. वेणीत फूल घालायचं सोडलं. लग्नात पुढं बसणारी बाई मांडवामागं जाऊन भांडी घासायला लागली. नवा भात आला, की घरच्यांना नवा वाढायची आणि स्वतः जुन्या कण्या खायची. सोमवार धरले, मग गुरुवार धरले. आठवड्याचे वार सात म्हणून बरं, नाहीतर ती उपाशीच गेली असती. आणि दर रविवारी वेशीवरच्या वाघोबाच्या दगडापुढं मूठभर तांदूळ ठेवून यायची. ते तांदूळ वाघोबा खायचा नाही. ते खायची शेजारच्या जनाबाईची बोडक्या मानेची कोंबडी. रविवार तिला पक्का ठाऊक झाला होता. पाच वर्षांत ती अशी पोसली, की चालताना दोन्ही बाजूंना झुलायची.

या जनाबाईविषयी सांगायला हवं. उंबरपाड्याला पोस्ट नव्हतं, जनाबाई होती. धसईला कुणाची म्हैस व्याली, मुरबाडात कुणी दुसरी बायको केली, शहापुरात कुणाच्या सुनेनं सासूला काय म्हटलं, सगळं दुपारपर्यंत घरपोच. गुणाबाई आणि ती एकाच साली सून होऊन आल्या. एकमेकींचा उसना विस्तव चुलीत घालून पंचवीस-तीस वर्षं झाली होती. जनाबाईच्या पोटात गोष्ट राहत नाही, अशी तिची ख्याती. पण ती ख्याती खोटी होती. एक गोष्ट राहिली होती.

सन एक्केचाळीसचा वैशाख आला. सावळीची धाकटी बहीण बाळी, तिचं लग्न ठरलं. लग्नाला चार दिवस उरले असताना सावळी आटगावाहून माहेरी आली ती कडेवर पोर घेऊनच गुणाबाईच्या ओटीवर चढली. दीड वर्षाची गुबगुबीत मुलगी, ठकी.

"काकी, बाळीच्या लग्नाला तुमीच गायचं," सावळी म्हणाली.

गुणाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाय गो. तुजं लगीन नासलं माज्या हातानं, तेवढं पुरं झालं. शहापूरची धवलारीण बोलवा."

"ती नाकात गाते. देव यायचे ते शिंकत परत जातील."

गुणाबाईला हसू येत होतं, तिनं ते दाबलं. हसू दाबण्याचाही तिनं नेमच केला होता.

सावळी जवळ सरकून बसली. "काकी, एक सांगू? आजवर कुनाला सांगितलं नाय. त्या दिवशी मी मांडवात थरथरत व्हते. नवऱ्याचं तोंड पायलेलं नाय, आटगाव कुठं हाय ते ठाव नाय. वाटत व्हतं, आता पडते की मग पडते. तेवढ्यात तुमी थांबलात. सगळे गप. आनि बाशिंगाआडून हे हळूच म्हनले, 'काय गो, गाडी सिग्नलला थांबली वाटतं.' मला येवढं हसू फुटलं! सगळ्यांना वाटलं, नवरी रडते. मी हसत व्हते, काकी. तुमी थांबला नसतात तर आमी पयला शबुद कधी बोललो असतो कुनाला ठाव? अजून भांडन झालं की हे म्हनतात, 'चल, सिग्नल दे.' मी तर तुमचे उपकार मानते."

गुणाबाईचा हात तांदळात थांबला. पाच वर्षं जी घटका तिनं निखाऱ्यासारखी पदरात बांधून ठेवली होती, ती घटका दुसऱ्या कुणाच्या घरी दिव्यासारखी लावून ठेवलेली होती. तिचे डोळे भरून आले. पण जित्याची खोड. ती म्हणाली, "तुजं चांगलं झालं ते तुज्या नशिबानं. माजी चूक ती चूकच."

सावळी उठली. जाताना एवढंच म्हणाली, "बाळी म्हनते, गुणाकाकी नाय गायली तर मी मांडवात पाय ठेवनार नाय. ती माज्याहून हट्टी हाय, तुमाला ठावच हाय."

हे सगळं कुडापलीकडून जनाबाई ऐकत होती. कुडाला कान लावायची तिला गरज नव्हती, कुडाला तिच्या कानाची सवय होती. सावळी गेली तशी ती आली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओटीवर येऊन काही न बोलता उभी राहिली. गुणाबाई घाबरली.

"काय गो जने? बरं नाय काय?"

"गुणे," जनाबाई म्हणाली, "त्या दिशी तू इहिरीवर गेलीस, तवा सूप कुनाकडं देऊन गेलीस?"

"तुज्याकडं. बघ जरा, म्हनले व्हते."

"मी बघत नव्हते. धाऊच्या बायकोला मुरबाडच्या दुसऱ्या बायकोचं सांगत व्हते. वळून पायलं तं माजी कोंबडी सुपात. बोडक्या मानेची. पाचवी रास तिनं साफ केलेली. मी तिला हाकलली, बाकीच्या राशी बोटानं नीट केल्या, म्हनलं काय कळतंय कुनाला. नि तू बसलीस गायला." जनाबाईनं पदरात नाक शिंकरलं. "तवाच बोलले असते. पन तुजा आवाज अडला, सावळीची आय रडाय लागली, नि माजी छातीच झाली नाय. मग शेळी गेली. मग तर तोंडच शिवलं. तू उपास धरलेस, नि मी दर रविवारी बघत र्‍हायले, तीच भवानी वाघोबापुढचं तुजं तांदूळ टिपते. मला मार, गुणे. मला कायबी कर."

वाघाच्या तोंडचा घास कोंबडीनं पळवला होता, आणि त्यासाठी पाच वर्षं कण्या खाल्ल्या होत्या तिनं. तिला राग यायला हवा होता. ती रागाची वाट बघत क्षणभर थांबलीसुद्धा. पण समोर जनी उभी होती, नाक लाल झालेली, पाच वर्षं गोष्ट पोटात ठेवून दमलेली. गुणाबाईचा हात सवयीनं तांब्याकडं गेला.

"व्हतं, बाय," ती म्हणाली. "माणूस हायेस, देव नायस. पानी पी."

जनाबाईनं तांब्या घेतला. एक घोट प्याली, आणि एकदम तिचं जुनं तोंड जागं झालं. तांब्या आपटून ती म्हणाली, "का गो? मला एका दमात सोडलंस. मी राखन केली नाय, मी खोटी वागले, पाच वर्सं गप र्‍हायले, तरी व्हतं, बाय! आनि गुणीनं तुजं काय घोडं मारलंय गो, की तिला कण्या घालतेस? करपलेली भाकर आमी फेकून दुसरी थापायची, नि तू तीच चावत बसायची? ती गुणी माजी शेजारीन हाय. तिला असं वागवलेलं मला चालनार नाय!"

देवजी अंगणात दोर वळत होता. त्यानं मान हलवली. कुणी बघितलं नाही.

त्या दिवशी गुणाबाईनं फार काही केलं नाही. माळ्यावरून सूप खाली काढलं, धुतलं, शेणानं लिंपून उन्हात ठेवलं. मग पानाचा डबा शोधला. त्यात पानं नव्हती, झुरळं होती. देवजी धसईच्या वाटेला लागला आणि दिवस कलताना पानं घेऊन आला. गुणाबाईनं पाच वर्षांनी विडा तोंडात घातला. चुना जरा जास्तच लागला, जीभ पोळली. "व्हतं," ती पुटपुटली, आणि आपल्याला आपणच ते म्हटलेलं ऐकून लाजली.

लग्नाच्या दिवशी उंबरपाड्यातली एकूण एक कोंबडी पाटीखाली कोंडलेली होती. बोडक्या मानेवालीच्या पाटीवर तर जनाबाई स्वतः बसली होती. गावाला वाटलं, बाईला आता वेड लागलं. सुपात अकरा राशी होत्या. गुणाबाईनं त्या तीनदा मोजल्या आणि गायला सुरुवात केली. आवाज पहिल्या ओळीत घोगरा लागला, दुसरीत सुटला, तिसरीला तर म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. पाचवी रास आली. वाघोबाला तिनं अशी हाक मारली, की धाऊनं आपल्या शेळीकडं एकदा बघून घेतलं. सहावी झाली. सातवी झाली.

आठव्या राशीवर हात गेला. रास जागेवर होती. पांढरीशुभ्र, गोल, अख्खी. आणि नाव नव्हतं.

या वेळी कोंबडी नव्हती. जनी नव्हती. कुणावर ढकलावं असं काहीच नव्हतं. पाच वर्षं गाणं बंद, त्यात एक नाव गळून गेलं होतं, बस. मांडव गप्प झाला. पाटीवर बसलेल्या जनाबाईनं खालची कोंबडी आत आहे ना ते चाचपून बघितलं. गुणाबाईच्या आत तो जुना आवाज उठला: बघ, म्हनलं नव्हतं? कशाला आलीस मिरवायला? परत नासवलंस. ती तो आवाज ऐकत राहिली, आणि तिच्या मनात आलं, हेच मी बाळीला म्हणाले असते का? भाकरी करपली म्हणून रडत आलेल्या एखाद्या पोरीला असं तोडून बोलले असते का? जीभ झडली असती माझी.

तिनं शेजारचा तांब्या उचलला. सगळ्या मांडवासमोर सावकाश पाणी प्याली. तोंड पुसलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "व्हतं, गुणाबाय. माणूस हायेस, देव नायस."

क्षणभर कुणाला कळेना. मग सावळी खुदकन हसली, आणि बाशिंगाआडून बाळी हसली, आणि बघता बघता सगळा मांडव हसायला लागला. कुंडलिक मागून ओरडला, "सिग्नल पडला, काकी!"

"पडला तं पडला," गुणाबाई म्हणाली. "सांगा गो बायांनो, आठवी रास कुनाची?"

एकच गलका झाला. कुणी खंडोबा म्हणालं, कुणी मारुती. धाऊच्या बायकोनं स्वतःच्या मेलेल्या सासूचं नाव घेतलं, वर म्हणाली, "बोलवा तिलाबी, नायतर सपनात येते." आणि त्या गलक्यात मागच्या मेढीपासून एक हळू आवाज आला.

"काळू नदी."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. देवजी उभा होता. गुणाबाईचं तोंड उघडं पडलं. "तुमाला काय…" ती बोलायला गेली आणि थांबली.

"वीस वर्सं आयकतोय," देवजी खाली बघत म्हणाला. "नववा खंडेराय, धावी कुळाची देवी, आकरावे वाडवडील."

गुणाबाईनं आठवी रास उचलली. गाणं वर आलं, पहिल्यापेक्षा भरून. अकराही देव आले. धाऊची सासू आली की नाही ते कळलं नाही. पण पुढं ती स्वप्नात आल्याची तक्रार नव्हती.

त्यानंतर गुणाबाई आणखी आठ-नऊ वर्षं गायली. लढाईत रॉकेल मिळेना म्हणून लोक लग्नं दुपारीच उरकत, तेव्हा गायली. देश सुटला त्या सालच्या लग्नांतही गायली. एखादं नाव मधूनच अडायचं. तेव्हा ती पाणी प्यायची आणि मांडवाला विचारायची. बायका तर त्या घटकेची वाटच बघायच्या. गाणं न अडता झालं, तर म्हणायच्या, यंदाच्या लग्नाला मजा नाय आली. नवा भात आला, की पहिल्या वाफेचा घास ती देवजीच्या ताटात वाढायची आणि लगेच दुसरा स्वतःच्या. खाताना गळ्यावरून हात फिरवून म्हणायची, "पाच वर्सं ह्या गळ्याला उपाशी ठेवला, गप ठेवला, तरी मेल्यानं मला टाकलं नाय." आणि भाकरी करपली, तर दुसरी थापायची. मात्र करपलेली देवजीला देऊ लागली, असं जनाबाई सांगते. जनाबाईचं किती खरं मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

सुपात मात्र एक बदल झाला. अकराऐवजी बारा राशी. बारावी सगळ्यांत शेवटी, जराशी बाजूला. दुसऱ्या गावच्या बायका विचारायच्या, "ही कुठल्या देवाची?"

"ही चुकीची," गुणाबाई सांगायची. "तिलाबी बोलवावं लागतं. नाय बोलवली तरी येतेच, मग मानानं आलेली बरी."

अक्षता पडल्या, वाजंत्री लागली, की ती उठायची, बारावी रास मुठीत घ्यायची आणि अंगणाच्या कडेला जायची. तिथं बोडक्या मानेवालीची पोरं-नातवंडं पाटीतून सुटून टपलेलीच असत. गुणाबाई मूठ उघडायची, हात जोडायची आणि म्हणायची, "खा गो. तुज्या आजीनं मला लई शिकवलं."